भोरड्या उठल्या तेव्हा

'रणरण' हा तिघांचा बँड होता. नूपुर गायची आणि बेस वाजवायची, केयूर गिटारवर, गोलू ड्रम्सवर. नूपुर आणि केयूर मनीषनगरात एकाच गल्लीत वाढलेले. गोलू मौद्याच्या पुढच्या एका खेड्यातला. शिकायला नागपूरला आला आणि शिक्षण संपल्यावरही ड्रम्सपायी इथंच राहिला. गॅदरिंगमध्ये आणि कॅफेंमध्ये दुसऱ्यांची गाणी वाजवण्यात तिघांची काही वर्षं गेली. त्या हिवाळ्यात त्यांनी पहिल्यांदा स्वतःचं गाणं रेकॉर्ड केलं. गाण्याचं नाव 'थांब ना'.

गाणं नूपुरनं लिहिलं होतं. तिच्या मैत्रिणी एकेक करून पुण्याला, बेंगळुरूला निघून गेल्या होत्या. सगळ्यांच्या शेवटी मोठी बहीण वेदिका गेली, ती तर थेट कॅनडाला. तिला विमानतळावर सोडून येताना वर्धा रोडच्या सिग्नलवर नूपुरला दोन ओळी सुचल्या होत्या.

थांब ना जरा, अजून ऊन उतरलं नाही
थांब ना जरा, बोलणं अजून सरलं नाही

जरीपटक्यात एका कापडाच्या दुकानावर छोटासा स्टुडिओ होता. तिथं गाणं रेकॉर्ड झालं. दुसरं कडवं संपलं की केयूरचा सोलो सुरू व्हायचा आणि तो संपला की शेवटचं ध्रुवपद. सोलोवर केयूरनं जीव ओतला होता. बोटं सराईतपणे पळायची, ऐकणारा "वा!" म्हणायचा. तरी नूपुरला दर वेळी वाटायचं की इतका वेळ कुणाशी तरी बोलत असलेलं गाणं तिथं आल्यावर एकदम आरशासमोर उभं राहतं. ते तिनं केयूरला कधी सांगितलं नाही. तिच्या बाबांनी, विश्वनाथरावांनी, एकदा गाणं ऐकून फक्त इतकं विचारलं होतं, "मधे तू कुठे जातेस गं?"

व्हिडिओ कुठं करायचा यावर बराच खल झाला. फुटाळा तलाव नको, तिथं सगळेच करतात. शेवटी गोलू म्हणाला, "अबे, आमच्या वावरात करू ना. पळस फुलून राहिला, जवारी उभी हाये, मागं पॉवर प्लांटच्या चिमण्या दिसते. एवढी मोठी फ्रेम तुम्हाले नागपुरात कुठं भेटणार?"

फेब्रुवारीच्या मध्याला एका दुपारी ते चौघं मौद्याला निघाले. चौथा म्हणजे विक्की, केयूरचा मित्र. तो लग्नांचे व्हिडिओ करायचा आणि त्याच्याकडे ड्रोन होता.

गोलूचं वावर गावापासून थोडं आत होतं. आजूबाजूला सगळीकडे धान निघून गेलेली मोकळी बांधी, कुठं मिरची, कुठं हरभरा. ज्वारी फक्त गोलूच्या बापाची, ताराचंदची. पुरुषभर उंचीचं पीक, टपोरी कणसं, वाऱ्यानं सळसळणारी पानं. मधोमध चार खांबांवर उभं केलेलं लाकडी मचाण होतं. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, पळसाची तीन-चार झाडं अंगभर पेटल्यासारखी फुलली होती. दूर क्षितिजावर चिमण्यांतून पांढरा धूर सरळ वर जात होता. केयूर गाडीतून उतरला आणि नुसता उभा राहिला.

"बोललो होतो ना?" गोलू म्हणाला.

धुऱ्यावर ड्रम्स मांडले. अँप्स नुसते शोभेचे, त्यांची वायर कशालाच जोडलेली नव्हती. गाणं एका स्पीकरवर वाजणार आणि तिघांनी त्याच्यावर वाजवल्यासारखं करायचं, असा बेत होता. गोलूची आई प्रयागबाई मचाणाच्या सावलीत येऊन बसली होती. सुकी, काटक बाई, नऊवारीचा काष्टा, डोक्यावर घट्ट पदर. पाहुण्यांसाठी तिनं ओल्या हरभऱ्याचा हुळा भाजून ठेवला होता.

"मा, शूटिंग चालू झालं का आवाज नको करू," गोलूनं तिला बजावलं.

"मी काहून आवाज करू बाप्पा? मी आपली बसून पायतो."

पहिले दोन टेक बरे गेले. तिसऱ्यासाठी विक्कीनं ड्रोन खूप वर नेला. सूर्य कलला होता, सावल्या लांबल्या होत्या, त्याला सगळं वावर वरून एकाच फ्रेममध्ये हवं होतं. गाणं सुरू झालं. नूपुर ओठ हलवता हलवता खरंच गाऊ लागली होती.

दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर पश्चिमेकडून भोरड्या आल्या.

आधी नूपुरला तो प्लांटचा धूरच वाटला. मग धूर वळला, खाली झुकला आणि त्याला चोची आणि पंख फुटले. काळं डोकं, काळे पंख आणि मधे गुलाबी अंग. हिवाळ्यात या भागात येणाऱ्या त्या पाखरांचे थवे तिनं शहरात विजेच्या तारांवर पाहिले होते. पण असा नाही. थवा उतरतच राहिला. एकेका कणसावर दोन-दोन, तीन-तीन पाखरं बसली आणि सगळं पीक त्यांच्या वजनानं खाली वाकलं. किलबिलाटात स्पीकर ऐकू येईना.

प्रयागबाईनं गोलूकडे पाहिलं. तो मान खाली घालून ड्रम्स वाजवत होता. तिनं नूपुरकडे पाहिलं, ड्रोनच्या रिमोटवर वाकलेल्या विक्कीकडे पाहिलं. मग आपल्या ज्वारीकडे पाहिलं. आणि काष्टा खोचून ती मचाणावर चढली.

तिथं उभं राहून तिनं हाक दिली.

ती हाक कशी होती हे नूपुर नंतर अनेकांना सांगणार होती आणि दर वेळी अर्ध्यावर थांबणार होती. सुरुवातीला ती खालच्या, जवळजवळ पुरुषी स्वरात होती, "हाऽऽऽ". मग वर चढत गेली, थांबेल असं वाटलं तिथं थांबली नाही, आणि अगदी टोकाला जाऊन फुटली. नूपुर सात वर्षं शास्त्रीय शिकली होती. आवाज फुटणं म्हणजे चूक, हे तिच्या अंगात मुरलं होतं. इथं आवाज फुटला आणि त्या फटीतून दुसराच एक आवाज बाहेर आला, पहिल्यापेक्षा मोठा, उघडा, कशाचीही भीती नसलेला. तो वावरावरून निघून गेला. 

आणि भोरड्या उठल्या.

कुणीतरी प्रचंड सतरंजी धरून झटकावी तसा आवाज झाला. उन्हाचा रंग बदलला. तिघांच्या अंगावरून थंड वाऱ्याचा एक झोत गेला, तो पंखांचा होता. डोक्यावरून थवा वळत होता; वळताना क्षणभर काळा, क्षणभर गुलाबी. गोलूच्या हातातल्या काड्या थांबल्या. केयूर तोंड उघडं टाकून वर पाहत राहिला. धुऱ्यावर स्पीकर एकटाच वाजत होता. त्यातून केयूरचा सोलो चालला होता आणि केयूरसुद्धा तो ऐकत नव्हता.

थवा कालव्याकडे गेला. प्रयागबाई खाली उतरली तेव्हा सगळे तिच्याकडेच बघत होते. तिनं पदर तोंडावर धरला.

"बिघडलं काय वं पोरी तुमचं? मी काय करू, सारं कनीस खाऊन गेले असते."

"नाही काकू," नूपुर म्हणाली. 

विक्कीला मात्र ड्रोनची काळजी लागली होती. तो सुखरूप उतरला तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला. गोलूच्या घरी चहा पिताना त्यानं टॅब्लेटवर वरून घेतलेलं चित्रण लावलं आणि चहा पिता पिता थांबला. "अबे, इकडं या. इकडं या लवकर."

वरून वावर म्हणजे तपकिरी-हिरवा चौकोन दिसत होता आणि त्याच्यावर बारीक काळी कशिदाकारी केल्यासारख्या भोरड्या. मधे ठिपक्याएवढं मचाण, त्यावर त्याहून लहान ठिपका, प्रयागबाई. ठिपका हलला. आणि मचाणाभोवतीची पाखरं उठली, फक्त तेवढीच. मग त्यांच्या भोवतीची. मग त्याच्याही भोवतीची. तळ्यात खडा पडल्यावर लाट पसरते तसं पाखरांचं एक कडं मचाणापासून निघालं आणि गोल गोल मोठं होत चौकोनाच्या कडेपर्यंत गेलं.

विक्कीनं ते सावकाश करून पुन्हा लावलं. आता प्रत्येक कडं वेगळं दिसत होतं.

"हे काय आहे?" गोलूनं विचारलं.

"आवाज आहे," केयूर हळूच म्हणाला. "जिथपर्यंत पोचला तिथली पाखरं उठली. आवाज जाताना दिसून राहिला आपल्याला."

 विक्कीनं कुणी न सांगताच पुन्हा लावलं. कडं चौकोनाच्या कडेला थांबलंही नाही. धुरा ओलांडून शेजारच्या मोकळ्या बांधीत गेलं, तिथल्या बाभळींवर बसलेली पाखरंही उठली, आणि मग ते फ्रेमच्या बाहेर निघून गेलं.

चहा झाल्यावर ते गाडीनं नागपूरकडे निघाले. मग केयूर खिडकीबाहेर बघत म्हणाला, "माझा सोलो काढ."

"केयूर, अरे..."

"काढ म्हटलं ना. तिथं काकूंची हाक येऊ दे." थोड्या वेळानं तो हसला. "तुला तो पहिल्यापासून आवडत नव्हता. तोंडावर दिसते तुझ्या."

हाक टाकायची तर ती नीट रेकॉर्ड करायला हवी होती. शूटिंगच्या वेळी धुऱ्यावर उभ्या केलेल्या कॅमेऱ्याच्या माइकमध्ये आली होती ती किलबिलाटात बुडालेली. म्हणून पुढच्या आठवड्यात गोलू आईला जरीपटक्याच्या स्टुडिओत घेऊन आला. तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. काचेमागच्या खोलीत ती माइकसमोर उभी राहिली, कानांवर हेडफोन चढवले, भिंतींवरच्या फोमकडे बघितलं आणि हाक दिली. बारीकशी, शेजारणीला बोलावल्यासारखी.

"अजून थोडं जोरानं काकू," नूपुर म्हणाली.

पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

"मा, वावरात देते तशी दे ना," गोलू वैतागला. "इतकं काय भेवून राहिली?"

प्रयागबाईनं हेडफोन काढून हातात धरले. "भेत नाही रे. इथं पाखरं कुठं हाये? कोनाले हाक देऊ मी?"

गोलू ओशाळला. नूपुर काचेच्या या बाजूला उभी होती. आपण सात वर्षं, आणि नंतरची सगळी वर्षं, भिंतीकडे बघून गात आलो, असं तिच्या मनात आलं. 'थांब ना' गाताना तरी तिच्यासमोर वेदिका कुठं होती? होता तो फोमच.

"काकू," ती म्हणाली, "आम्हीच येतो तुमच्याकडे."

ते पुन्हा मौद्याला गेले. एकदा वारा फार होता. एकदा भोरड्या आल्याच नाहीत, दिवसभर हुळा खाऊन सगळे परत आले. त्यानंतरच्या खेपेला मात्र सकाळी ऊन चढायच्या आधीच थवा उतरला. विक्कीनं मचाणावर आणि चारही धुऱ्यांवर माइक लावले होते. नूपुर प्रयागबाईच्या मागोमाग मचाणावर चढली. तिनं स्वतःच तसं मागितलं होतं.

प्रयागबाईनं दोन्ही पाय फाकवून रोवले, एक हात कमरेवर ठेवला. खाली सगळं पीक पाखरांनी जिवंत झालं होतं, हजारो काळी डोकी वर-खाली होत होती. तिनं श्वास घेतला. नूपुरच्या तळव्यांखालच्या फळ्या आधी थरथरल्या आणि मग आवाज आला. इतक्या जवळून तो ऐकू येण्याआधी छातीत जाणवला. आवाज फुटला तेव्हा प्रयागबाईच्या चेहऱ्यावर कसलाच ताण नव्हता. डोळे दूरच्या धुऱ्यावर, जिथं आवाज जायचा होता तिथं. आणि मग खालून, चहूबाजूंनी, पंखांची ती भिंत वर आली. नूपुरनं दोन्ही हातांनी मचाणाचा खांब धरला. आपण रडतोय हे तिला नंतर कळलं.

खाली उतरल्यावर प्रयागबाईला गाणं ऐकवलं. ती लक्ष देऊन ऐकत होती. मधेच तिला हसू आलं.

"काय झालं काकू?"

"तुमी थांब थांब म्हनून राहिले, अन् मी जाय जाय म्हनून राहिली. कसं जमन आपलं?"

पण जमलं. केयूरनं सोलोच्या जागी फक्त एकच सूर ठेवला, लांब, खालचा, हलके धरलेला. त्याच्यावर हाक आली, मग पंखांचा आवाज, आणि पंखांमधूनच शेवटचं ध्रुवपद. नूपुरनं ते ध्रुवपद पुन्हा गायलं. शब्द तेच होते. पहिल्या वेळी त्यात तक्रार होती. आता ते जाणाऱ्याला वाटेवर सोबत दिल्यासारखं आलं. जायचं तर जा, पण माझा आवाज तुझ्यामागे येतोय, असं काहीसं.

गाणं एका शनिवारी संध्याकाळी प्रसिद्ध करायचं ठरलं. ते कुठं बसून बघायचं, यावर या वेळी वादच झाला नाही. गोलूच्या घराची पुढची भिंत नुकतीच चुन्यानं पांढरी केली होती. विक्कीनं प्रोजेक्टर आणला. दिवेलागणीला अंगणात शेजारपाजारचे लोक जमले, बायका एका बाजूला, माणसं दुसऱ्या. विश्वनाथरावही मुलीबरोबर आले होते आणि ताराचंदजवळ खाटेवर बसून मिरचीच्या पिकाची चौकशी करत होते. प्रयागबाईनं व्हिडिओ अजून पाहिला नव्हता. तिनं तो पहिल्यांदा मोठ्याच पडद्यावर बघावा, असा नूपुरचा हट्ट होता.

भिंतीवर पळस आले, चिमण्या आल्या, धुऱ्यावर ड्रम्स बडवणारा गोलू आला तेव्हा बायका खिदळल्या. दुसरं कडवं संपलं. चित्र वर वर गेलं, माणसं लहान झाली, वावराचा चौकोन झाला.  आणि हाक आली आणि कडं पसरू लागलं, सावकाश, भिंतभर. कुणाच्या तरी तोंडून "अरे बाप" निघालं. शेवटचं ध्रुवपद संपलं. टाळ्या वाजल्या त्या एकदम सगळ्यांच्या.

प्रयागबाई उठली आणि भिंतीजवळ गेली. "ते गोल गोल पुन्हा दाखव."

विक्कीनं दाखवलं. तिनं मधल्या ठिपक्यावर बोट ठेवलं. प्रोजेक्टरच्या उजेडात भोरड्या तिच्या हातावरून, लुगड्यावरून उठत गेल्या.

"ही मी होय?"

"हो मा," गोलू म्हणाला.

"एवढे राहते ते? खालून तं समजत नाही." कडं धुऱ्यापर्यंत पोचलं, धुरा ओलांडून बाभळींकडे गेलं. तिचं बोट त्याच्याबरोबर सरकत भिंतीच्या कोपऱ्याशी जाऊन थांबलं. "मले वाटे, त्या टोकाले माझा आवाज जातच नाही. लग्न होऊन आली तवापासून. म्हनून एवढी जीव खाऊन ओरडत होती मी."

"जाते ना," खाटेवरून ताराचंद म्हणाला. "मी कॅनॉलवर पानी सोडाले जातो, तिथं आयकू येते मले. रोज येते."

"मंग सांगतलं काहून नाही इतके साल?"

ताराचंदनं टोपी काढून डोकं खाजवलं. "मले वाटलं तुले ठाऊक हाये."

बायका हसल्या. प्रयागबाई हसली नाही. ती त्या कोपऱ्याकडे बघत राहिली, जिथं भिंत संपत होती आणि पाखरांचं कडं पलीकडे निघून गेलं होतं.

गाण्याचं पुढं बरं झालं. फार मोठं काही नाही, पण ज्यांनी ऐकलं त्यांनी ते दुसऱ्यांना पाठवलं. नाशिककडच्या कुणी लिहिलं की त्यांची आजी द्राक्षबागेत अशीच ओरडायची. पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या एका माणसानं विक्कीकडे मूळ चित्रण मागितलं. वेदिकानं कॅनडाहून फोन केला आणि म्हणाली, "पोचलं गं." पुण्याच्या एका कार्यक्रमाचं बोलावणं आलं. तिथं हाकेच्या जागी काय करायचं यावर तिघांचं अजून एकमत होत नव्हतं. केयूर म्हणे, रेकॉर्डिंग वाजवू. गोलू म्हणे, शांत राहू.

नूपुर एकटीच बस धरून मौद्याला गेली. मार्च सरत आला होता, ज्वारी कापणीला आली होती. भोरड्याही आता थोड्याच दिवसांच्या पाहुण्या होत्या. दोघी मचाणावर बसल्या. थवा उतरला तशी प्रयागबाई उठली नाही. तिनं नूपुरला कोपरानं ढोसलं.

"दे."

"मी?"

"मंग कोन? पाय रोव. नजर त्या टोकाकडं ठेव, माझ्याकडं नको पाहू."

नूपुर उभी राहिली. दूरच्या धुऱ्यावर एक बाभूळ होती, तिच्यावर नजर ठेवून तिनं आवाज सोडला. तो वर चढला आणि फुटला. सवयीनं ती थांबणार होती, पण थांबली नाही. मचाणाजवळच्या भोरड्या उठल्या, एक लहानसं, वाकडंतिकडं कडं. पलीकडची सारी पाखरं निवांत दाणे टिपत राहिली.

प्रयागबाई हसून लोटपोट झाली. मग डोळे पुसत म्हणाली, "उठले ना पन. पायलं ना, उठले." आणि तिला बाजूला सारून ती उभी राहिली.